चोरबागानातलं घर

कोलकात्याच्या महात्मा गांधी रोड मेट्रो स्टेशनातून वर आलं की पहिल्यांदा फळांचा वास येतो. जवळच मेछुआची फळपट्टी आहे. मोसंबीच्या पेट्या, गवतात गुंडाळलेली सफरचंदं, डोक्यावर भली मोठी टोपली घेऊन धावणारे हमाल आणि त्यांच्यामधून वाट काढणारी हातरिक्षा. बाजूच्या रस्त्यावर लग्नाच्या बँडवाल्यांची दुकानं. काचेच्या कपाटांत लाल-सोनेरी अंगरखे टांगलेले. चित्तरंजन अव्हेन्यूवरून थोडं उत्तरेला चालून डावीकडे मुक्तारामबाबू स्ट्रीटमध्ये वळलं की गोंगाट जरा मागे पडतो. ह्या भागाचं नाव चोरबागान, म्हणजे चोरांची बाग. एकेकाळी इथं दाट झाडी होती आणि तिच्यात चोरांचा वावर असे, असं सांगतात. ह्याच गल्लीत ४६ नंबरचं घर आहे. सगळं शहर त्याला ‘मार्बल पॅलेस’ म्हणतं.

फाटकाच्या गजांमधून ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. समोर हिरवळ आणि तिच्यावर गर्दी करून उभे असलेले पुतळे: सिंह, बुद्ध, मेरी, कोलंबस आणि आपले देव. त्यांच्यामागे ग्रीक देवळासारखे उंच खांब, खांबांच्या मधल्या सज्जांना नक्षीदार जाळ्या आणि चिनी मंडपासारखी उतरती छपरं. बाजूला तळं, कारंजं, पिंजरे आणि आरामात फिरणारे पेलिकन. ही खिचडी आहे, असं मी तेव्हा बरोबरच्या मित्राला म्हणालो. त्यात नवीन काही नव्हतं. पैसा आहे पण रुची नाही, असा शेरा ह्या घरावर अनेकांनी मारलेला आहे.

त्यानंतर कोलकात्यात राहायला आलो आणि चार-पाच वेळा ह्या घरात जाऊन आलो. प्रत्येक वेळी तो शेरा थोडा थोडा खोटा पडत गेला. तो कसा पडला, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

घर बांधणारा राजेंद्र मल्लिक १८१९ साली जन्मला. नीलमणी मल्लिक ह्या धनाढ्य व्यापाऱ्याचा तो दत्तक मुलगा. नीलमणी गेले तेव्हा राजेंद्र अगदी लहान होता. मागे मिळकतीचा वाद कोर्टात गेला आणि कोलकात्याच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टानं सर जेम्स वेअर हॉग ह्या इंग्रज गृहस्थाला मुलाचा पालक नेमलं. न्यू मार्केटला ज्याच्या नावानं हॉग मार्केट म्हणत, तो स्टुअर्ट हॉग ह्याच जेम्सचा मुलगा. जेम्स हॉगनं ह्या पोरक्या मुलाला पक्षी भेट दिले आणि त्याला पक्ष्या-प्राण्यांचा नाद लागला, असं म्हणतात. एका बाजूला विधवा आई, घरचा जगन्नाथ, जातीचे रीतिरिवाज. दुसऱ्या बाजूला कोर्टानं नेमलेला साहेब पालक. १८३५ साली घराचं काम सुरू झालं तेव्हा राजेंद्र सोळा वर्षांचा होता. ‘राजा बहादूर’ हा किताब त्याला मिळाला १८७८ साली, म्हणजे तब्बल त्रेचाळीस वर्षांनी. घर बांधणारा राजा नव्हता. वयात येत असलेला, दोन जगांत वाढलेला एक मुलगा होता. हे लक्षात ठेवलं की घराकडे पाहण्याची नजर बदलते.

ह्या घराच्या आधीपासून त्याच आवारात जगन्नाथाचं देऊळ आहे. ते नीलमणींनी बांधलेलं. तिथं बाहेरच्यांना जाता येत नाही. पण राजवाड्याच्या आत शिरल्यावर, संगमरवराचा चकचकाट क्षणभर विसरून नुसता आराखडा पाहिला, तर ओळखीचं घर दिसू लागतं. मधोमध उघडा चौक, चारी बाजूंनी सोपे, एका अंगाला ठाकुरदालान. उत्तर कोलकात्यातल्या कुठल्याही जुन्या श्रीमंत घराची हीच मांडणी. पुढचा सदर महाल पुरुषांचा आणि पाहुण्यांचा, मागचा अंदर महाल बायकांचा. दुर्गापूजेला ठाकुरदालानात मूर्ती बसते, चौकात लोक जमतात आणि घरातल्या बायका वरच्या मजल्यावरच्या झडपांआडून सोहळा पाहतात.

वाड्यांच्या गावातून आलेल्या मराठी माणसाला हे चटकन कळतं आणि तिथंच एक फरकही दिसतो. आपल्या वाड्यातही चौक असतो, पण देव आत असतो. देवघर म्हणजे माजघराशेजारची एक अंधारी खोली, सोवळ्यात जायची जागा. बंगाली घरात देवाला चौकातली सगळ्यात देखणी बाजू दिलेली असते. कमानी, पायऱ्या, उंच जोतं. देव कुटुंबाचाच, पण वर्षातले काही दिवस तो सगळ्या मोहल्ल्याचा होतो. त्यामुळे घराचा चौक हा घरगुती असूनही सार्वजनिक असतो. मार्बल पॅलेसच्या चौकात आज युरोपीय पुतळे उभे आहेत, तरी त्या चौकाचं हे मूळ काम लपत नाही.

आता समोरचे खांब घ्या. कॉरिंथियन पद्धतीचे, उभ्या खाचांचे, माथ्यावर पानांची नक्षी. गव्हर्नमेंट हाऊस १८०३ साली पुरं झालं आणि त्यानंतर ह्या शहरात असे खांब म्हणजे सत्तेची खूण झाली. पण कोलकाता गाळाच्या जमिनीवर वसलेलं आहे. इथं बांधकामाचा दगड मिळत नाही. म्हणून शहरातले बहुतेक ग्रीक खांब विटांचे आहेत आणि वर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. दर पावसाळ्यानंतर तो डागडुजी मागतो. ग्रीसचं देऊळ बंगालच्या गवंड्यानं विटा-चुन्यात उभं केलं. शिवाय त्यानं खांबांच्या मागे खोल व्हरांडा ठेवला, दारा-खिडक्यांना आडव्या फळ्यांच्या झडपा लावल्या. बंगालीत त्यांना ‘खडखडी’ म्हणतात. ऊन बाहेर राहतं, वारा आत येतो. युरोपात ह्या खांबांचं जे काम होतं ते इथं राहिलं नाही. इथं ते सावली धरतात.

सज्जांवरची चिनी धाटणीही हवेतून आलेली नाही. कोलकात्याहून अफू कँटनला जात होती, तिकडून चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी येत होती. त्या व्यापारावर हे शहर श्रीमंत झालं. चिनी नक्षीचं वेड तेव्हा विलायतेतही होतं. म्हणजे ही छपरं दोन वाटांनी चोरबागानात पोचली असणार, थेट बंदरातून आणि लंडनहून फिरून. ज्या समुद्री वाटांनी पैसा आला त्या वाटांनी आकारही आले.

आत एकामागून एक दालनं. इटलीहून आणलेला संगमरवर जमिनीवर वेगवेगळ्या रंगांच्या नक्षीत बसवलेला. त्यावरूनच घराला नाव पडलं. छताला पोचणारे आरसे, झुंबरं, घड्याळं, फुलदाण्या, लाकडात कोरलेला राणी व्हिक्टोरियाचा प्रचंड पुतळा. भिंतींवर तैलचित्रं, त्यांतली काही रूबेन्सची आणि रेनॉल्ड्सची म्हणून दाखवली जातात. फोटो काढायला मनाई आहे. तिकीट नाही, पण पर्यटन खात्याकडून आगाऊ परवानगी आणावी लागते. घर आजही मल्लिक कुटुंबाचं आहे आणि वंशज इथंच राहतात. त्यामुळे पाहुणा म्हणून वागावं लागतं, ते मला आवडतं. बरोबर एक माणूस असतो. तो खोलीत शिरल्यावर दिवा लावतो, बाहेर पडताना विझवतो. त्या उजेडापुरती व्हीनस दिसते आणि पुन्हा अंधारात जाते.

इतकं सगळं जमवायचं कशासाठी, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तराचा एक धागा मल्लिकांच्या जातीत सापडतो. ते सुवर्णवणिक, सोन्या-चांदीचे व्यापारी. ‘मल्लिक’ हा मुसलमानी अमदानीतला किताब, पुढे आडनाव झालेला. बंगालमध्ये अशी दंतकथा आहे की बाराव्या शतकात बल्लाल सेन राजाचं ह्या व्यापाऱ्यांशी बिनसलं आणि त्यानं त्यांना खालच्या पायरीवर ढकललं. कथा खरी असो-नसो, तिचा परिणाम खरा होता. अफाट पैसा असूनही वरच्या जाती त्यांच्या हातचं पाणी घेत नसत. त्यांना जवळ केलं ते चैतन्य महाप्रभूंच्या वैष्णव पंथानं. सप्तग्रामचे सुवर्णवणिक उद्धारण दत्त हे नित्यानंदांचे निष्ठावंत भक्त म्हणून प्रसिद्ध आहेत. आणि चैतन्यांच्या आयुष्याची शेवटची वर्षं गेली पुरीला, जगन्नाथाच्या सान्निध्यात. चोरबागानात जगन्नाथ का, ह्याचं उत्तर बहुधा तिथं आहे.

हे कळल्यावर घराचे वेगवेगळे भाग मला वेगवेगळ्या माणसांशी बोलताना दिसू लागले. पुढचे खांब साहेबाशी बोलतात: तुमची भाषा आम्हालाही येते. चौक आणि ठाकुरदालान जातीशी आणि देवाशी बोलतात: आम्ही आमची रीत सोडलेली नाही. वरच्या झडपा घरातल्या बायकांसाठी आहेत. आणि बाग? ती रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाहीसाठी आहे.

ह्या बागेला खरं म्हणजे स्वतंत्र इतिहास आहे. हिंदुस्थानात लोकांना पाहता येतील अशा अगदी सुरुवातीच्या प्राणिसंग्रहांत राजेंद्र मल्लिकांच्या संग्रहाची गणना होते. एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा प्रमुख एडवर्ड ब्लाइथ, ज्याचा डार्विनशी पत्रव्यवहार होता, त्यानं आपल्या लेखनात ह्या बाबूंच्या पक्षिसंग्रहाचा उल्लेख केला आहे. १८७६ साली अलीपूरचं प्राणिसंग्रहालय लोकांसाठी उघडलं, तेव्हा मल्लिकांनी त्याला मदत केली आणि तिथल्या एका वास्तूला ‘मल्लिक हाऊस’ असं नाव मिळालं. आज चोरबागानातल्या पिंजऱ्यांत फारसं वैभव नाही. हरणं आहेत, माकडं आहेत, मोर आहेत. मी गेलो तेव्हा शाळेच्या गणवेशातली दोन मुलं पेलिकनच्या चोचीची मापं हातांनी काढून दाखवत होती. त्यांना आतल्या रूबेन्सशी काही देणंघेणं नव्हतं.

मग आला ओरिसाचा दुष्काळ. १८६६ साली त्या प्रांतात लाखो माणसं अन्नावाचून मेली. जी चालू शकत होती त्यांतली अनेक चालत कोलकात्याला आली. राजेंद्र मल्लिकांनी त्यांच्यासाठी अन्नछत्र उघडलं. ते करणारे ते एकटे नव्हते. पण जगन्नाथाच्या मुलखातून उपाशी माणसं येत होती आणि जगन्नाथाच्या ह्या घरात त्यांना भात मिळत होता. पुढेही इथं गरिबांना जेवू घालण्याची रीत राहिली. ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही असं शतकानुशतकं सांगितलं गेलं, त्यांच्या अंगणात माणसांच्या पंगती उठत होत्या. ह्याला नुसता दानधर्म म्हणावं असं मला वाटत नाही. जातीच्या त्या जुन्या निवाड्याला दिलेलं ते उत्तर होतं, आणि ते संगमरवरापेक्षा ठाम होतं.

घराबाहेर पडलं की मोहल्ला पुन्हा अंगावर येतो आणि मराठी माणसाला तिथं एक जुना हिशेब भेटतो. चोरबागानापासून पूर्वेला एक-दीड किलोमीटरवर सर्क्युलर रोड लागतो. त्या रस्त्याच्या जागी पूर्वी खंदक होता, मराठा खंदक. नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाच्या भीतीनं तो १७४२ साली खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. तीनेक मैल खणून झाल्यावर थांबला, कारण मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. पण हुगळीच्या पश्चिमेकडच्या गावांत ते आले होते. तिथली लूट, जाळपोळ गंगाराम नावाच्या कवीनं ‘महाराष्ट्र पुराण’ ह्या काव्यात लिहून ठेवली आहे आणि ‘बर्गी’ हा शब्द बंगाली अंगाईगीतात अजून शिल्लक आहे. पोराला झोपवताना आमचं नाव घेऊन भीती घालतात, हे इथं आल्यावर मला कळलं. शाळेतल्या पुस्तकात ते नव्हतं. त्या धाकानं नदीपलीकडची कितीतरी कुटुंबं कोलकात्याच्या आसऱ्याला आली आणि हे काळं गाव, म्हणजे साहेब ज्याला ‘ब्लॅक टाऊन’ म्हणत ते, दाट होत गेलं. ह्या गल्ल्यांच्या इतिहासात आपलाही हात आहे, पण तो मिरवावा असा नाही.

त्याच मोहल्ल्यात उलट दिशेची वाटही आहे. चोरबागानातून चालत दहा मिनिटांच्या आत जोडासांकोची ठाकूरबाडी येते. तिथल्या सत्येंद्रनाथ ठाकुरांनी, आयसीएस झालेल्या पहिल्या हिंदी माणसानं, नोकरीची बरीच वर्षं मुंबई इलाख्यात काढली आणि तुकारामांचे अभंग बंगालीत नेले. त्यांच्या धाकट्या भावानं, रवींद्रनाथांनी, १९०४ साली शिवाजी उत्सवावर कविता लिहिली, ती सखाराम गणेश देउस्कर ह्या बंगालीत लिहिणाऱ्या मराठी माणसाच्या निमित्तानं. खंदक आणि अभंग, दोन्ही एका तासाच्या फेरफटक्यात.

आणि मुक्तारामबाबू स्ट्रीट फक्त राजवाड्याचीही नाही. ह्याच रस्त्यावर १३४ नंबरच्या मेसमध्ये बंगालीतले लाडके विनोदी लेखक शिवराम चक्रवर्ती आयुष्याचा मोठा काळ राहिले. एक खोली, एक तक्तपोस. कागद हरवतो, भिंत हरवत नाही, म्हणून टेलिफोन नंबर आणि पत्ते ते भिंतीवरच लिहून ठेवत. १९८० साली ते गेले. एका टोकाला भिंतीवर रेनॉल्ड्स, दुसऱ्या टोकाला भिंतीवर टेलिफोन नंबर. चोरबागान दोघांचंही होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. आजूबाजूची किती घरं उरली? चित्तरंजन अव्हेन्यू हा सरळ रुंद रस्ता विसाव्या शतकात जुनी वस्ती कापूनच काढला गेला. जी घरं रस्त्यातून वाचली ती वाटण्यांत सापडली. एका दालानाचे सात वारस, कमानीमध्ये घातलेली विटांची भिंत, ठाकुरदालानात कागदाच्या रिमांचं गोदाम, हे दृश्य इथं गल्लोगल्ली दिसतं. मला त्यात नवल वाटत नाही. पुण्यातला आमचा वाडा असाच गेला. अकरा हिस्से, तीन भाडेकरू, पंधरा वर्षं कोर्ट. शेवटी एका पावसाळ्यात मागची भिंत बसली आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. सागवानी खांब कुठे गेले ते आम्ही कुणी विचारलं नाही. तेव्हा आम्हीही म्हणत होतो की त्यात जपण्यासारखं काय आहे: अर्धा पेशवाई, वर इंग्रजी गॅलरी, मागे पत्र्याचं छप्पर.

मार्बल पॅलेस का टिकला? राजेंद्र मल्लिक १८८७ साली गेले. त्याच वर्षी केलेल्या मृत्युपत्रात त्यांनी मिळकत जगन्नाथाच्या सेवेला बांधून टाकली. बंगालमध्ये अशा मिळकतीला ‘देवोत्तर’ म्हणतात आणि तिची व्यवस्था पाहणाऱ्यांना ‘शेबायत’. देवपूजा चालावी, गरिबांना जेवण मिळावं, कुटुंबाचा निर्वाह व्हावा, अशी ती योजना. देवाच्या उत्पन्नावर प्राप्तिकर कसा बसवायचा ह्याचा वाद पुढे १९७० च्या दशकात थेट दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. देवोत्तर म्हटलं की सगळं सुरक्षित असं नाही. बंगालच्या कोर्टांत देवाच्या मिळकतींचे खटले कमी नाहीत. पण देवाला वारस नसतात, त्यामुळे त्याचे हिस्से पडत नाहीत. ग्रीक खांब, चिनी सज्जे, इटलीचा दगड हे सगळं आजपर्यंत उभं राहिलं, ते आवारातल्या त्या सगळ्यात जुन्या, आपल्याला न दिसणाऱ्या देवळाच्या आधारानं.

म्हणून आता ह्या घराला कुणी खिचडी म्हटलं की मी वाद घालतो. आपण वारसा ठरवताना शुद्धता शोधतो. अमुक शैलीचा उत्तम नमुना, तमुक काळाची निखळ खूण. तसं मोजलं तर उत्तर कोलकाता, पुण्याच्या पेठा, फोर्टमागची मुंबई, ह्यांतलं निम्मंअधिक यादीबाहेर जाईल, आणि यादीबाहेर गेलेलं पाडायला सोपं जातं. पण एकोणिसाव्या शतकातला हिंदुस्थानी माणूस शुद्ध शैलीत जगतच नव्हता. कोर्टात साहेब, घरात जगन्नाथ, बंदरात चीन, दारात उपाशी ओरिसा. ते सगळं एका छपराखाली आणायचं म्हटलं तर घर दुसरं कसं दिसणार?

गेल्या खेपेला निघताना मी बरोबरच्या माणसाला विचारलं, इथं लोक सगळ्यात जास्त काय पाहतात? मला वाटलं, तो चित्रांकडे बोट दाखवेल. तो म्हणाला, बाहेरची माणसं चित्रं बघतात. मोहल्ल्यातली पोरं पाखरं बघायला येतात. मग त्यानं शेवटचा दिवा विझवला आणि आम्ही बागेत आलो.